ओरिएंट एक्सप्रेस घरी बघताना : शेवट माहीत असलेले आणि नसलेले (कृपया रहस्य फोडू नये)

सायलीचा_वेल

नमस्कार मंडळी. आधी एक विनंती. खुनी कोण, हे इथे कुणीही लिहू नका, आडून सुचवूही नका. अगाथा ख्रिस्तीची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' ही कादंबरी १९३४ सालची. नव्वदच्या वर वर्षं झाली, तरी ती पहिल्यांदा हातात घेणारं कुणी ना कुणी आजही असतंच. आमच्या घरात मागच्या रविवारपर्यंत असा एक जण होता. माझा मुलगा, वय १४.

आम्ही तिघं बसलो होतो. बाबा ७८ वर्षांचे. नवी नवी नोकरी लागली तेव्हा ते पुण्यात खोली घेऊन राहायचे. तेव्हा वाचनालयातून आणून त्यांनी ही कादंबरी एका रात्रीत संपवली होती. मी कॉलेजात असताना वाचली. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक टाइप आता झेपत नाही, ऐकूही कमी येतं. म्हणून सिडनी ल्युमेटचा १९७४ सालचा चित्रपट लावायचं ठरवलं. भावाने दिलेली डीव्हीडी कपाटात बरीच वर्षं पडून होती.

मनात धाकधूक होती. शेवट ठाऊक असलेले दोघं आणि ठाऊक नसलेला एक, तिघं एकाच सोफ्यावर. आमचा चेहरा बघून पोराला कळलं तर? आणि बाबांना कंटाळा आला तर? रहस्यकथेतलं रहस्यच काढून घेतलं की मागे काय उरतं, असं मलाही वाटत होतं.

सुरुवातीलाच थबकले. पुस्तकात आपण सीरियातल्या अलेप्पोच्या फलाटावर, कडाक्याच्या थंडीत, थेट गुप्तहेर पॉयरोजवळ जाऊन उभे राहतो. आर्मस्ट्राँग कुटुंबातली ती लहान मुलगी, तिचं अपहरण, हे सगळं कळतं गाडीत खून झाल्यानंतर. ल्युमेटने ते उचलून अगदी पुढे आणलंय. अंधारलेलं घर, वर्तमानपत्रांचे मथळे, फोटो, अंगावर येणारं संगीत, आणि संवाद जवळजवळ नाहीतच. मग पाच वर्षांनंतरचं इस्तंबूल, बोस्फोरसवरचं लख्ख ऊन. मुलाने विचारलं, "हे आत्ता का दाखवलं?" मी म्हटलं, बघ पुढे.

आता जे सांगायचंय ते बाबांबद्दल. चौकशी सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की बाबा पॉयरोकडे बघतच नाहीयेत. प्रश्न पॉयरो विचारत होता आणि बाबा बघत होते समोरच्या माणसाच्या हातांकडे, कपाच्या कडेवरून फिरणाऱ्या बोटाकडे. इन्ग्रिड बर्गमन स्वीडिश मिशनरी बाई झालीय. तिची जबानी चालू असताना बाबांचे डोळे भरून आले. मुलगा त्याच वेळी वहीत कोण कुठल्या डब्यात झोपलं होतं याचा नकाशा काढत होता. एकाच पडद्यावर दोघं दोन वेगळे चित्रपट बघत होते आणि दोन्ही खरे होते.

पुस्तक वाचताना आपण पॉयरोच्या शेजारी बसतो. चित्रपटाने मात्र आम्हाला आधी त्या मुलीच्या घरात नेलं आणि मग गाडीत बसवलं. त्यामुळे मला पुस्तकात जे कोडं वाटलं होतं ते इथे शोक वाटलं. तुमचा अनुभव काय? शेवट माहीत असताना कुणी बघितलाय का? आणि घरी बघताना काय काळजी घेता, तेही लिहा.

निळी_शाई

सुंदर धागा. बाबांचं वाचून गलबललं.

बर्गमनच्या त्या प्रसंगाबद्दल लिहायलाच हवं. ल्युमेटने तिला आधी राजकन्या द्रागोमिरॉफची भूमिका देऊ केली होती. भारदस्त भूमिका, भारी कपडे. तिने स्वतःहून ही बुजरी, देवभोळी, तुटक इंग्रजी बोलणारी बाई मागून घेतली. तिची जबानी जवळजवळ पाच मिनिटांची आहे आणि ती एका सलग शॉटमध्ये घेतलीय. मध्ये कट नाही. कॅमेरा तिच्याबरोबर सरकत राहतो आणि चेहऱ्यावरची भीती, भक्ती, ओशाळलेपण एकातून दुसऱ्यात वाहत जातं. या भूमिकेसाठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, तिचं तिसरं. चित्रपटाला नामांकनं सहा होती, मिळालं हे एकच.

पहिल्यांदा बघताना मला तो प्रसंग लांबलेला वाटला होता. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा कळलं की ती खोटं कुठे बोलतेय आणि खरं कुठे, हे तिने प्रत्येक शब्दागणिक ठरवून ठेवलंय. एवढंच लिहिते, नाहीतर नियम मोडेल.

घाटमाथा

मी थोडा वेगळा सूर लावतो. मला या चित्रपटातला अल्बर्ट फिनीचा पॉयरो पटत नाही. मान खांद्यांत रुतलेली, केस चोपडलेले, आवाज एकदम चढतो. चौकशीत तो संशयितांवर अक्षरशः ओरडतो. पुस्तकातला पॉयरो अदबीने बोलतो आणि माणसं आपण होऊन सांगत सुटतात. फिनी तेव्हा पस्तिशी ओलांडून चाळिशीकडे निघालेला तरुण नट होता, मेकअप करून त्याला वयस्क केलं होतं, आणि ते ओझं मला सारखं जाणवतं.

डेव्हिड सुशेने टीव्हीवर १९८९ ते २०१३ एवढा काळ हा माणूस साकारला. त्याचा २०१० सालचा ओरिएंट एक्सप्रेस बघा. अंधारा, गारठलेला, आणि न्याय म्हणजे काय या प्रश्नाने आतून पोखरलेला. त्यातला पॉयरो जपमाळ हातात धरतो तेव्हा मला तो कादंबरीपेक्षाही खोल वाटतो.

सायलीचा_वेल

@घाटमाथा, सुशेचा मीही बघितलाय आणि शेवटचा त्याचा चेहरा विसरता येत नाही. पण बाबांबरोबर तो लावायचं धाडस झालं नसतं. फार काळोख आहे त्यात.

फिनीच्या ओरडण्याचं म्हणाल तर मला ते पटलं. गाडी बर्फात अडकलीय, रूळ मोकळा होऊन युगोस्लाव्ह पोलीस येईपर्यंतच काय तो वेळ आहे. घाई त्याच्या आवाजात उतरते.

पाणंद

मिशांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? नोव्हेंबर १९७४ मध्ये लंडनला चित्रपटाचा पहिला खेळ झाला तेव्हा राणी एलिझाबेथ हजर होत्या आणि स्वतः ख्रिस्तीबाईही आल्या होत्या. वय ८४, तब्येत नाजूक. जानेवारी १९७६ मध्ये त्या गेल्या. चित्रपट त्यांना आवडला, तक्रार राहिली ती मिशांची. पुस्तकात त्यांनी पॉयरोला इंग्लंडातल्या सर्वोत्तम मिशा बहाल केल्या होत्या आणि फिनीच्या मिशा त्या तोलाच्या नव्हत्या. याच कथेवरच्या २०१७ च्या चित्रपटात पॉयरो झालेल्या केनेथ ब्रानाने जणू ती उणीव भरून काढायला केवढ्या थोरल्या मिशा लावल्यात!

आता आपल्या मुंबईशी जोडलेली एक गोष्ट. ख्रिस्तीबाई आपल्या कथा चित्रपटांना द्यायला तयार नसायच्या. साठच्या दशकात त्यांच्या दुसऱ्या गुप्तहेरावर, मिस मार्पलवर, जे चित्रपट निघाले ते त्यांना मुळीच रुचले नव्हते. या चित्रपटाच्या दोन निर्मात्यांपैकी एक होते जॉन ब्रेबर्न. त्यांचे सासरे लॉर्ड माउंटबॅटन, आपल्याकडचे शेवटचे व्हाइसरॉय. बाईंचं मन वळवायला माउंटबॅटन यांनी शब्द टाकला. आणि जॉन यांचे वडील म्हणजे १९३३ ते १९३७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड ब्रेबर्न. चर्चगेटचं ब्रेबर्न स्टेडियम त्यांच्याच नावाचं. म्हणजे कादंबरी १९३४ साली छापून आली तेव्हा तिच्या भावी निर्मात्याचे वडील मलबार हिलवर राहत होते. स्टेडियमसमोरून मी इतकी वर्षं लोकल पकडायला धावलोय, आता दरवेळी ही गाडी आठवते.

कवडसा

@पाणंद, ब्रेबर्नचं माहीत नव्हतं, धन्यवाद! हिंदुस्थानचा धागा कथेतही आहे. शॉन कॉनरी झालाय तो कर्नल आर्बथनॉट हिंदुस्थानातली लष्करी नोकरी करून विलायतेला परतत असतो.

मी घरी बघण्याबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे यावरून फार घोळ झाला होता.

एक तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. वेगवेगळ्या टीव्हींवर त्याला वेगवेगळं नाव असतं. तो चालू असला की चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. जेफ्री अन्सवर्थचं छायाचित्रण मुद्दाम मऊ आहे, दिव्यांभोवती धुकट वलय, चेहऱ्यांवर सायीसारखा प्रकाश. नवा टीव्ही त्याला "दोष" समजून घासूनपुसून टाकतो. कडक चित्र आणि भडक रंगांचा मोडही नको.

दुसरं सबटायटल्सचं. पात्रं अनेक देशांची, उच्चार नाना तऱ्हेचे, त्यामुळे लागतातच. पण कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या सबटायटल्समध्ये कधी कधी बोलणाऱ्याचं नाव आधी येतं. पडद्याआडून आवाज येतो आणि खाली नाव झळकतं. रहस्यपटात हे घातक. साधी सबटायटल्स निवडा.

आणि कृपा करून चित्रपट चालू असताना हातात मोबाइल देऊ नका. "हा नट कोण" म्हणून शोधायला जातात आणि पहिल्याच ओळीत शेवट वाचून बसतात. माझ्या बहिणीचं असंच झालं. तिला जे वाटायला हवं होतं ते आता कधीच वाटणार नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

रानफूल_७

वाचतेय. पुस्तक अजून वाचलेलं नाही, त्यामुळे एक डोळा झाकून वाचतेय 🙂 तुम्ही सगळे नियम पाळताय म्हणून आभार.

एक विचारू? आधी पुस्तक की आधी चित्रपट?

निळी_शाई

@रानफूल_७, आधी पुस्तक. निःसंशय. पहिल्या भागात घटना, दुसऱ्यात जबान्या, तिसऱ्यात पॉयरो डोळे मिटून विचार करतो. तिसरा भाग सुरू होण्याआधी पुस्तक मिटून एक दिवस थांबा. सगळे पुरावे तोवर तुमच्यासमोर मांडलेले असतात, लपवलेलं काही नसतं. तो एक दिवस आयुष्यात एकदाच मिळतो.

घाटमाथा

याला मात्र पूर्ण अनुमोदन.

धुकं_आणि_दिवा

लिंडबर्ग प्रकरणाबद्दल लिहायचं होतं. चित्रपटाची ती सुरुवात अंगावर येते कारण तिच्यामागे खरं घर आहे.

१ मार्च १९३२. न्यू जर्सीतलं होपवेल. अटलांटिक एकट्याने विमानातून ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गच्या वीस महिन्यांच्या मुलाला रात्री पाळण्यातून उचलून नेलं. ५० हजार डॉलर खंडणी दिली गेली. १२ मे रोजी घरापासून थोड्याच अंतरावर त्या बाळाचा मृतदेह सापडला. आजोळी काम करणाऱ्या एका मोलकरणीला पोलिसांनी पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, आणि जूनमध्ये तिने विष घेऊन जीव दिला. तिचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, हे नंतर कळलं. कादंबरीतल्या आर्मस्ट्राँग घरातही अशी एक निरपराध मुलगी आहे.

कादंबरी प्रसिद्ध झाली जानेवारी १९३४ मध्ये. या गुन्ह्यासाठी ब्रूनो हाउप्टमान पकडला गेला तो त्या वर्षी सप्टेंबरमध्ये. म्हणजे पहिल्या वाचकांनी हे पुस्तक उघडलं तेव्हा खऱ्या जगात अपहरण करणारा पकडला गेलेला नव्हता. त्या वाचकांच्या मनातला राग आपण आज कल्पनेनेच समजून घ्यायचा. तुम्ही लिहिलंत की कोडं वाटलं होतं ते शोक वाटलं. मला वाटतं १९३४ च्या वाचकाला ते पहिल्या दिवसापासून दोन्ही वाटलं असणार. चाळीस वर्षांनी चित्रपट आला तोवर ती आठवण पुसट झाली होती, म्हणून ल्युमेटला ती आधी जागवावी लागली. ती सुरुवात मला म्हणूनच सजावट वाटत नाही, ती नसती तर पुढचं सगळं नुसतं बुद्धीला पटलं असतं.

सायलीचा_वेल

@धुकं_आणि_दिवा, हाउप्टमानच्या अटकेचा हा क्रम माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बाई लिहीत होती तेव्हा तो मोकळाच फिरत होता."

पायवाट

दोन वर्षांपूर्वी इस्तंबूलला गेलो होतो तेव्हा सिर्केजी स्टेशन मुद्दाम बघितलं. १८९० सालची इमारत, गुलाबी विटा, गोल खिडक्यांना रंगीत काचा. आत रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे. फलाटावर मांजरं झोपलेली. पॅरिसहून येणारी थेट गाडी १९७७ सालीच थांबली, तरी तिथे उभं राहिलं की पोटात कालवाकालव होते.

चित्रपटातलं गाडी सुटण्याचं दृश्य मात्र तिथलं नाही. ते पॅरिसजवळच्या रेल्वे यार्डात रात्री चित्रित केलंय. बर्फाचे प्रसंग फ्रान्समधल्याच जुरा डोंगरात, आणि आतले डबे लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत. हे कळल्यावरही त्या दृश्याची जादू कमी झाली नाही. इंजिनाचा दिवा उजळतो, वाफ सुटते, एकेक खिडकी सरकू लागते आणि रिचर्ड रॉडनी बेनेटचा वॉल्ट्झ सुरू होतो. गाडी जणू नाचघरात पाऊल टाकते. खुनाच्या गाडीला असं संगीत कशाला, असं कुणाला वाटेल. मला वाटतं ते हवंच होतं. तेवढा एक क्षण सगळे प्रवासी फक्त प्रवासी असतात.

बर्फात अडकणंही हवेतलं नाही. १९२९ साली ही गाडी तुर्कस्तानात चेरकेझकॉयजवळ बर्फात कित्येक दिवस अडकून पडली होती. ख्रिस्तीबाई स्वतः १९३१ च्या डिसेंबरात परतताना अडकल्या, तेव्हा पावसापुराने रूळ वाहून गेला होता. तेव्हाच्या सहप्रवाशांचं वर्णन त्यांनी नवऱ्याला पत्रातून कळवलं. नवरा मॅक्स मॅलोवन, पुरातत्त्वज्ञ. कादंबरी त्यालाच अर्पण केलीय.

कोरा_कागद

ब्रानाच्या २०१७ च्या चित्रपटाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून लिहितो. माझ्या मुलींनी ख्रिस्ती वाचायला घेतली ती त्यामुळे. मिशेल फायफर मला त्यात अप्रतिम वाटली. पण जेरुसलेमची ती लांब सुरुवात, लाकडी पुलावरचा पाठलाग, गोळीबार हे सगळं या कथेला लागत नाही, हेही खरं. गाडी थांबलीय, बाहेर पडायला वाट नाही, यातच कथेचा ताण आहे. माणसं डब्याबाहेर धावायला लागली की तो सैलावतो. कर्नल आणि डॉक्टर ही दोन पात्रं एकत्र करून टाकलीत, तेही मला खटकलं.

ल्युमेटला बंद जागेची सवय होती. त्याचा पहिला चित्रपट १९५७ चा, ज्युरीच्या एकाच खोलीत घडणारा. आपल्याकडे "एक रुका हुआ फैसला" म्हणून आला तो. ज्यांना ओरिएंट एक्सप्रेसचा शेवट माहीत आहे त्यांनी हे दोन्ही चित्रपट मनात शेजारी ठेवून बघा. याहून पुढे एक अक्षर लिहीत नाही.

निळी_शाई

@कोरा_कागद, अंगावर काटा आला. हे कधी सुचलंच नव्हतं.

शेवट माहीत असलेल्यांसाठी आणखी एक. पॉयरो उलगडा करतो तेव्हा आपण आधी बघितलेले काही प्रसंग परत येतात. ते तुकडे जुनेच वापरलेले नाहीत. ल्युमेटने तेच प्रसंग दुसऱ्यांदा, रुंद भिंगातून चित्रित केले. चेहरे किंचित ताणलेले, पुढे आलेले दिसतात. वाक्य तेच असतं आणि ऐकू मात्र वेगळं येतं. घरी बघण्याचा फायदा हा की मागे जाऊन दोन्ही ताडून बघता येतात. पण पहिल्यांदा बघणारं कुणी सोबत असेल तर रिमोटला हात लावू नका.

रानफूल_७

पुस्तक मागवलं! आता हा धागा बंद करून ठेवते, वाचून झालं की परत येईन.

कवडसा

@सायलीचा_वेल, मध्यंतर कुठे घेतलंत? चित्रपट सव्वादोन तासांच्या आतबाहेर आहे, आमच्या सासूबाईंना एका बैठकीत बसवत नाही.

सायलीचा_वेल

जळलेल्या कागदाचा प्रसंग झाल्यावर. पॉयरो बायकांच्या टोपीची पेटी मागवतो, तिच्यातली तारेची जाळी काढून त्यात तो काळा पडलेला कागद धरतो, स्पिरिटच्या दिव्यावर अक्षरं क्षणभर उजळतात. मेलेला माणूस खरा कोण, हे कळतं आणि जबान्या सुरू व्हायच्या असतात. तिथे थांबवून चहा केला. मुलगा स्वयंपाकघरात मागे मागे येऊन नाना शंका विचारत होता आणि मी पाठ करून आलं किसत होते, चेहरा दिसू नये म्हणून.

शेवट बघितल्यावर तो काय म्हणाला ते नियमामुळे सांगता येत नाही. पण वहीतला नकाशा त्याने फाडला नाही. आजोबांना विचारलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं तर तुम्ही रडलात कशाला?" बाबा म्हणाले, "माहीत होतं म्हणूनच."

परवापासून तो आजोबांना पुस्तक वाचून दाखवतोय, रोज रात्री जेवणानंतर एक प्रकरण. इंग्रजी वाचतो, अडलं की बाबा मराठीत सांगतात. आज तिसरं झालं, खून व्हायचाय अजून. दिवा मालवायला गेले तर बाबा विचारत होते, टोपीची पेटी कितव्या प्रकरणात येते ते बघून ठेव, त्या दिवशी लवकर जेवून घेऊ.